चिखलाची साखळी, कातळाची साखळी

पेणहून वडखळ, नागोठणे आणि भिसे खिंड करत रोह्याला जायला फार वेळ लागत नाही, पण तेवढ्या वाटेत पायाखालची जमीन पार बदलते. पेणच्या पश्चिमेला धरमतरच्या खाडीलगत वाशी, वढाव, दादर, रावे ही खारपट्ट्यातली गावं आहेत. इथली शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. बाहेरचा बांध शाबूत आहे तोवर शेत आहे. बांधाला खांड गेली की एका उधाणात खारं पाणी आत येतं आणि पुढची काही वर्षं जमीन पिकत नाही. रोह्याच्या बाजूला मात्र सह्याद्रीच्या सोंडा रस्त्याला येऊन टेकतात आणि काळा कातळ वर निघतो. भिसे खिंड असो की महामार्गावरची सुकेळी खिंड, तिथे कुदळीचा घाव मारला तर ठिणगी उडते.

या दोन्ही जमिनींवर काम करणारं यंत्र एकच असतं, ते म्हणजे पोकलेन, पट्ट्यावर चालणारं खोदयंत्र. नोव्हेंबर-डिसेंबरात पेणच्या खारबांधावर माती चढवणारं मशीन फेब्रुवारीत लो-बेड ट्रेलरवर चढून रोह्याकडच्या डोंगरात ब्रेकर लावून दगड फोडताना दिसतं. ज्याच्याकडे एकच मशीन आहे आणि त्याच्यावर बँकेचा हप्ता आहे, तो मालक काम येईल तिकडे जाणारच. या फिरतीत मशीनचा जो भाग सगळ्यात आधी झिजतो तो म्हणजे त्याची साखळी. मेकॅनिक आणि ऑपरेटर तिला ‘चेन’ म्हणतात. ही चेन कशी झिजते, ती बदलायची वेळ कशी ओळखायची आणि बदलताना काय करायचं, हे या प्रकरणात सविस्तर पाहू. पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्राच्या आयुष्यभराच्या देखभालीच्या खर्चातला साधारण निम्मा खर्च एकट्या अंडरकॅरेजवर, म्हणजे साखळी आणि तिच्या सोबतच्या चाका-रोलरांवर जातो. तरीही मालकाचं लक्ष असतं इंजिनवर आणि हायड्रॉलिक पंपावर.

आधी थोडा इतिहास, कारण तो पेणच्या खारपट्ट्याशी थेट जुळतो. साखळीवर चालणारा ट्रॅक्टर व्यवहारात उपयोगी करून दाखवणाऱ्यांत अमेरिकेतल्या बेंजामिन होल्ट यांचं नाव पुढे आहे. त्यांचा कारखाना कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावात होता. त्या गावाजवळ सॅन होआकिन नदीच्या मुखाचा प्रदेश आहे. तिथेही बांध घालून पाण्यातून शेतजमीन काढलेली होती, आणि ती काळी, भुसभुशीत जमीन वाफेच्या ट्रॅक्टरांना पोटात घ्यायची. होल्ट यांनी आधी चाकं रुंद केली, मग आणखी रुंद केली. असं करता करता त्यांच्या एका ट्रॅक्टरची एकूण रुंदी 46 फुटांवर गेली. असं यंत्र वळणार कसं आणि पुलावरून जाणार कसं? शेवटी त्यांनी मागची चाकं काढली आणि त्यांच्या जागी लाकडी पट्ट्या ठोकलेल्या लोखंडी साखळ्या बसवल्या. 24 नोव्हेंबर 1904 या दिवशी रॉबर्ट्स आयलंड नावाच्या बांधबंदिस्तीच्या जमिनीवर त्याची चाचणी झाली आणि ट्रॅक्टर रुतला नाही. म्हणजे आज पेणला खारबांधावर चालणारी साखळी जन्मली तीही एका खारपट्ट्यासारख्याच जमिनीवर. पुढे 1925 मध्ये होल्ट यांची कंपनी आणि ट्रॅक्टर बनवणारी बेस्ट यांची कंपनी एकत्र येऊन कॅटरपिलर ही कंपनी उभी राहिली.

दुसऱ्या टोकाला बर्फ होता. रशियाच्या झारच्या पदरी असलेल्या अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच तंत्रज्ञाने मोटारींना रबराचे पट्टे लावले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात वालकूर गावी जोसेफ-आर्मान बोंबार्डिए हा गॅरेजवाला होता. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा पोटाच्या दुखण्याने गेला, कारण रस्ते बर्फाने बंद होते आणि दवाखान्यापर्यंत पोचायला वाहन नव्हतं. बोंबार्डिएने दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांची जोडणी तयार केली आणि 1937 मध्ये तिचं पेटंट मिळवलं. त्याची बर्फावर चालणारी गाडी सात माणसं नेत असे. एकट्या-दुकट्याने बसायची छोटी स्नोमोबाइल त्याने 1959 मध्ये बाजारात आणली. चिखल असो की बर्फ, अडचण एकच होती: वजन आहे, पण ते पेलायला जमीन नाही.

अडचण एक असल्यामुळे तिचा हिशेबही एकच आहे. 20 टनी पोकलेनच्या दोन्ही पट्ट्यांची रुंदी प्रत्येकी 60 सेंटिमीटर आणि जमिनीला टेकलेली लांबी साधारण 330 सेंटिमीटर धरली, तर जमिनीवर टेकलेलं क्षेत्रफळ जवळजवळ 39,600 चौरस सेंटिमीटर होतं. 20,000 किलो भागिले 39,600, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर अर्धा किलो. साठ किलोचा माणूस चालताना एका पायावर येतो तेव्हा त्याच्या तळव्याखाली साधारण 0.4 किलो दाब असतो. म्हणजे वीस टनांचं लोखंड जमिनीवर माणसाच्या पावलापेक्षा थोडंच जास्त ओझं टाकतं. पट्टा 60 ऐवजी 80 सेंटिमीटरचा केला तर हा दाब एक चतुर्थांशाने उतरतो आणि 0.38 वर येतो. खारपट्ट्यात रुंद शू का लावतात, त्याचं उत्तर या भागाकारात आहे. त्यावरही जिथे भरवसा नसतो तिथे ऑपरेटर लाकडी ओंडके किंवा लोखंडी प्लेटा आंथरतो आणि मशीन त्यांच्यावरून पुढे सरकवत नेतो.

आता साखळीची रचना पाहू. कडी (लिंक), पिन, बुश आणि शू असे चार भाग. दोन समांतर कड्यांच्या रांगा असतात. त्यांना आडवी जोडणारी पोकळ नळी म्हणजे बुश, आणि बुशच्या पोटातून जाणारी भरीव दांडी म्हणजे पिन. कड्यांवर बाहेरून चार-चार बोल्टांनी जी पोलादी फळी बसते तिला शू म्हणतात, गावोगावचे मेकॅनिक पॅड किंवा प्लेट म्हणतात. मागे दातेरी स्प्रॉकेट असतो आणि तो ट्रॅव्हल मोटरने फिरतो. पुढे गुळगुळीत आयडलर. खाली ज्यांच्यावर मशीनचं वजन पडतं ते ट्रॅक रोलर, वर साखळी झेलणारे कॅरियर रोलर. आयडलरच्या मागे एक जाडजूड स्प्रिंग आणि ग्रीस भरलेला सिलिंडर असतो. या सिलिंडरमध्ये ग्रीस भरलं की आयडलर पुढे ढकलला जातो आणि साखळी ताणली जाते. ग्रीस सोडलं की ती सैल पडते. 20 टन वर्गातल्या अनेक यंत्रांत एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे पिच, 190 मिलिमीटर असतं आणि एका बाजूला 45 कड्या असतात. दोन्ही बाजूंचे शू मिळून नव्वद, आणि त्यांचे बोल्ट 360.

‘साखळी लांबली’ असं सगळेच म्हणतात. पण पोलाद ताणून लांब झालेलं नसतं. पिन बाहेरून झिजते, बुश आतून झिजतो, दोघांमध्ये फट पडते, आणि ताण आला की प्रत्येक सांधा त्या फटीएवढा उघडतो. एका सांध्यात 4 मिलिमीटर म्हणजे डोळ्याला काहीच नाही. पण 45 सांध्यांचे ते 180 मिलिमीटर होतात, जवळजवळ एक अख्खी कडी. म्हणून जुनी साखळी आयडलर पूर्ण पुढे ढकलूनही लोंबत राहते.

या ठिकाणी एक वाईट प्रथा आहे आणि तिच्याबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. साखळी फार लोंबायला लागली की काहीजण गॅस कटर लावून एक कडी कापून काढतात आणि उरलेली साखळी जोडून टाकतात. साखळी पुन्हा ताठ दिसते. पण उरलेल्या प्रत्येक कडीचं पिच 194 चं 194 च राहतं, आणि स्प्रॉकेटचे दात 190 साठी कापलेले असतात. बुश दाताच्या बुडाशी बसायचा तो दाताच्या उतारावर चढतो आणि भार आला की घसरत खाली येतो. सायकलची जुनी चेन नव्या चाकावर कशी उड्या मारते ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे लगेच कळेल. इथे फक्त त्या उडीमागे वीस टन आहेत. कडी कापल्याने पैसे वाचत नाहीत. साखळीसोबत स्प्रॉकेटही जातो, आणि मग ट्रॅव्हल मोटरच्या बेअरिंगला धक्के बसू लागतात.

म्हणून बदलायची वेळ डोळ्याने ठरवू नये, मापून ठरवावी. त्याची रीत सोपी आहे आणि खर्च शून्य. साखळी ताठ ठेवायची. त्यासाठी स्प्रॉकेटच्या दातात लाकडाचा किंवा लोखंडाचा तुकडा अडकवून मशीन किंचित मागे घेतात. मग मास्टर पिन (साखळी जिथे जोडतात-सोडतात ती पिन) टाळून, एका पिनच्या कडेपासून पाचव्या पिनच्या त्याच कडेपर्यंत पोलादी पट्टीने माप घ्यायचं. हे चार पिच झाले. नव्या साखळीत ते 760 मिलिमीटरच्या आसपास भरतात. 776 च्या जवळ आलं, म्हणजे वाढ दोन टक्क्यांच्या पुढे गेली, की त्या साखळीचं आयुष्य संपत आलं असं समजावं. नेमकी मर्यादा प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत असते. हे माप दर महिन्याला घेऊन हजेरीच्या वहीत लिहून ठेवलं, तर पुढच्या पावसाळ्याआधी साखळी बदलावी लागेल की नाही हे कितीतरी आधी कळतं. सुटे भाग मागवायला, भाव करायला आणि पैशांची सोय करायला वेळ मिळतो.

मापाबरोबर बाकीची पाहणीही त्याच दिवशी करावी. स्प्रॉकेटचा दात टोकाला सुरीसारखा धारदार झाला आहे का? रोलरमधून तेल गळून त्यावर धूळ चिकटली आहे का? कडीचा वरचा रुळ इतका झिजला आहे का, की रोलरची कड पिनच्या टोकाला घासते? बुशला बाहेरून बोट लावलं तर एका बाजूला खळगा लागतो का? पिन आणि बुश यांचा पृष्ठभाग उष्णता देऊन कडक केलेला असतो आणि गाभा मऊ ठेवलेला असतो, म्हणजे धक्का बसला तर तुटत नाही. ते कडक कवच काही मिलिमीटरांचंच असतं. कवच संपेपर्यंत झीज हळूहळू होते, आणि एकदा मऊ गाभा उघडा पडला की भराभर होते.

बुशची झीज एकाच बाजूला होते, कारण स्प्रॉकेटचा दात त्याला त्याच बाजूने ढकलतो. म्हणून वेळेवर लक्षात आलं तर पिन आणि बुश काढून अर्धा वेढा फिरवून पुन्हा बसवता येतात, म्हणजे कोरी बाजू कामाला येते. यासाठी मोठ्या दाबाचा हायड्रॉलिक प्रेस लागतो. हातोड्याने होणारं हे काम नाही. बुलडोझरच्या बाबतीत हे पूर्वीपासून करतात. जुन्या पोकलेनांच्या बाबतीतही करता येतं, आणि जिथे नवी साखळी मिळणंच कठीण आहे तिथे तर करायलाच हवं.

जुन्या यंत्रांबद्दल थोडं सविस्तर सांगतो. पोक्लेन ही फ्रान्समधली कंपनी. 1951 साली तिने आपलं पहिलं हायड्रॉलिक खोदयंत्र बनवलं. तिच्या तंत्रज्ञानावर लार्सन अँड टुब्रोने भारतात यंत्रं बनवली, आणि त्यातलं 90 सीके हे मॉडेल देशभर गेलं. रोह्यापर्यंतचा लोहमार्ग 1986 मध्ये आला. पुढे 1990 मध्ये कोकण रेल्वेचं काम सुरू झालं आणि 26 जानेवारी 1998 रोजी तो संपूर्ण मार्ग खुला झाला. त्या काळात डोंगर कापायला, भराव टाकायला अशा खोदयंत्रांनी मोठं काम केलं. नंतर टाटा-हिताची आणि कोमात्सु यांची यंत्रं आली आणि जुनी मागे पडली. तरी एखाद्या खाणीवर किंवा वीटभट्टीच्या मातीवर असं जुनं मशीन अजून तग धरून असतं. या मशीनांच्या साखळ्या बहुधा कोरड्या, म्हणजे पिन आणि बुश यांच्यात तेल-ग्रीस नसलेल्या असतात. तेल कोंडून ठेवणाऱ्या सीलबंद साखळ्या बुलडोझरांसाठी 1970 च्या दशकात आल्या. आजच्या पोकलेनांत ग्रीस भरलेल्या सीलबंद साखळ्या सर्रास असतात. कोरड्या साखळीत पिन आणि बुश यांच्यात माती सरळ आत शिरते.

अशा जुन्या मशीनसाठी मालक लेथवर पिना कातून घेतात. कातून घ्यायला हरकत नाही, पण कातलेली पिन उष्णता देऊन कडक केली नसेल तर ती बसवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. लेथवाल्याला माप सांगतानाच पोलादाची जात आणि हार्डनिंगही सांगावं, आणि पिन हातात आल्यावर कानस घासून पाहावी. चांगल्या कडक पिनवर कानस घसरते, चरत नाही. आणि जुनी यंत्रं जगवणाऱ्या या कारागिरांना मी मनापासून मानतो. पुस्तिका हाती नसताना, कंपनी दाद देत नसताना, ते मापं घेऊन भाग उभे करतात.

आता जमिनीकडे परत येऊ. पेणच्या खाजणातला चिखल चिकट असतो, आणि त्यात मीठ असतं. तो स्प्रॉकेटच्या दातांमधल्या खाचांत ठासून बसतो. मग बुश खाचेच्या तळाला न टेकता चिखलाच्या थरावर बसतो, स्प्रॉकेटचा घेर वाढल्यासारखं होतं आणि साखळी आपोआप ताणली जाते. सकाळी ऑपरेटरने बरोबर ताणलेली साखळी दुपारी तारेसारखी ताठ होते, आणि त्या ताणाने पिन, बुश आणि आयडलरचं बेअरिंग झिजतं. म्हणून चिखलात काम असेल तर साखळी नेहमीपेक्षा सैल ठेवतात. रोज संध्याकाळी फावड्याने चिखल काढून टाकणं हे साखळीच्या आयुष्याच्या दृष्टीने कोणत्याही महागड्या ग्रीसपेक्षा मोलाचं आहे, कारण रात्रीतून वाळलेला चिखल सकाळी विटेसारखा कडक झालेला असतो. मिठाचं नुकसान पावसाळ्यात दिसतं. जून ते सप्टेंबर मशीन झाडाखाली उभं राहतं, सांध्यात शिरलेलं खारं पाणी गंज धरतं आणि कड्या जाम होतात. ऑक्टोबरात मशीन सुरू केलं की साखळी स्प्रॉकेटवरून गोल वळत नाही, टोकदार कोपरे करत वळते. काम संपताच गोड्या पाण्याने धुणं आणि उभं असतानाही पंधरवड्यातून एकदा मशीन थोडं पुढे-मागे करणं, एवढ्याने हे बरंच टळतं.

खारबांधाचं काम तिथीवर चालतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढणारं पाणी असतं, म्हणून खांड बुजवायची तर भांगाचे दिवस धरतात. अशा कामात साखळी उतरली आणि भरतीची वेळ जवळ आली, तर मशीनच पाण्यात जायची पाळी येते. झिजलेली साखळी घेऊन खाजणात उतरू नये, यामागचं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

कातळावरचा त्रास उलटा. तिथे रुंद शू नको. 80 सेंटिमीटरचा शू चिखलात पूर्ण टेकतो, पण कातळात त्याच्या एका कडेखाली दगड येतो आणि मधला भाग अधांतरी राहतो. वीस टनांच्या ओझ्याखाली शू वाकतो, बोल्टावर पीळ पडतो, बोल्ट सैल होतो आणि मग कडीतलं भोक मोठं होतं. जमीन पेलेल इतकाच शू रुंद असावा, त्याहून एक सेंटिमीटरही जास्त नको. पेणच्या कामासाठी रुंद शू लावलेलं मशीन तसंच रोह्याच्या खाणीत नेणं म्हणजे 360 बोल्टांची परीक्षा पाहणं. शू बदलायला एक-दोन दिवस मोडतात आणि मजुरी जाते हे खरं. पण शूचा दुसरा संच जवळ ठेवून ते बदलणारा मालक शेवटी फायद्यात राहतो, असं माझं मत आहे.

ऑपरेटरच्या हातावरही पुष्कळ अवलंबून असतं. स्प्रॉकेट मागे असताना मशीन पुढे चालवलं तर बुशवर कमी घर्षण होतं. तेच उलटं, वेगाने आणि लांबवर चालवलं तर बुश आणि दात दोन्ही जास्त झिजतात. एका जागी उभं राहून गरकन वळणं, आणि तेही नेहमी एकाच बाजूला, हे कातळावर फार महाग पडतं. 21 दातांच्या स्प्रॉकेटमध्ये बुश एका फेरीत एक सोडून एक खाचेत बसतो, आणि दातांची संख्या विषम असल्यामुळे पुढच्या फेरीत उरलेल्या खाचा येतात. झीज सगळ्या दातांत वाटली जावी म्हणून केलेली ही फार हुशारीची योजना आहे. पण चिखलाने किंवा खडीने खाचा भरल्या की तिचा काही उपयोग उरत नाही.

साखळी बदलायची ठरली की जागा सपाट आणि टणक निवडावी. नव्या साखळीसोबत नवा स्प्रॉकेट घ्यावा. झिजलेल्या दातांवर नवी साखळी चढवली तर ती जुन्याच्या वेगाने म्हातारी होते. आधी मास्टर पिन शोधायची. तिच्या टोकावर खळगा, खूण किंवा वेगळी कडी असते. मशीन हळूहळू चालवत ही पिन पुढच्या आयडलरच्या समोर, जमिनीपासून थोडी वर आणायची आणि तिच्या खालच्या शूला लाकडी ठोकळ्याचा आधार द्यायचा, म्हणजे पिन निघताच साखळी कोसळत नाही. शूसकट एका बाजूच्या साखळीचं वजन टनाच्या पुढे असतं. जुनी साखळी कोणत्या दिशेने बसलेली आहे, कडीचं कोणतं टोक पुढे आहे, याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण नवी उलटी बसली तर झीज वाढते.

मग ग्रीस सोडून साखळी सैल करायची (त्याबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे), मास्टर पिन प्रेसने किंवा घणाने बाहेर काढायची. घण मारताना पिनच्या टोकाचे पोलादी तुकडे गोळीसारखे उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच आणि समोर कुणी उभं नको. यानंतर बूम आणि बकेट जमिनीवर दाबून मशीनची ती बाजू उचलायची आणि चेसिसखाली भक्कम ठोकळे लावायचे. फक्त हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या मशीनखाली कुणीही हात घालू नये. स्प्रॉकेट अगदी हळू फिरवला की जुनी साखळी गुंडाळी सुटावी तशी जमिनीवर येते. हीच वेळ स्प्रॉकेट आणि गळके रोलर बदलण्याची. नवी साखळी जमिनीवर सरळ आंथरून तिचं एक टोक स्प्रॉकेटवर घ्यायचं, ते वरच्या रोलरवरून आयडलरपर्यंत ओढत आणायचं, आणि दोन्ही टोकं एका रेषेत धरून मास्टर पिन बसवायची. शूचे बोल्ट जुने वापरू नयेत. ते आधी ठरलेल्या टॉर्कने आणि मग सांगितलेल्या अंशाने आणखी फिरवून आवळतात. पहिल्या काही दिवसांच्या कामानंतर बोल्ट आणि ताण पुन्हा तपासावा लागतो, कारण नवे भाग एकमेकांत बसायला थोडा वेळ घेतात.

रबरी पट्ट्याचं गणित थोडं वेगळं आहे. भाताच्या खाचरात उतरणारी छोटी कापणी यंत्रं, मिनी पोकलेन आणि कॅनडातल्या त्या जुन्या स्नोमोबाइल यांचे पट्टे बिनजोड असतात, त्यांना मास्टर पिन नसते. म्हणून पट्टा तोडून काढता येत नाही. छोट्या यंत्रात ताण सोडून, बाजू उचलून पट्टा आयडलरवरून खाली उतरवतात. स्नोमोबाइलमध्ये मात्र पट्ट्याच्या आतलं सस्पेन्शन आणि दातेरी चाकांचा शाफ्टही काढावा लागतो. शेतातल्या रबरी पट्ट्याच्या पोटात पोलादी तारा असतात. रबराला खोल चीर गेली आणि तिच्यातून खारपट्ट्याचं पाणी आत गेलं, की तारा आतून गंजतात आणि वरून धडधाकट दिसणारा पट्टा एके दिवशी तुटतो. चीर दिसताच ती बुजवून घ्यावी.

आता त्या ग्रीसबद्दल. ताण देणाऱ्या सिलिंडरमधलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. ते सोडायचा व्हॉल्व्ह हळूहळू, एका वेढ्याहून जास्त न फिरवता सैल करायचा असतो, आणि तेव्हा तोंड, हात आणि शरीर त्याच्या समोर नसावं. ग्रीस आलं नाही तर व्हॉल्व्ह आणखी उघडू नये. मशीन थोडं पुढे-मागे करावं, अडलेलं ग्रीस सुटतं. निपल पूर्ण काढला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटू शकतो, आणि ग्रीसची धार कातडी भेदून आत जाते. अशी जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखत नाही, आणि माणूस ती कपड्याने पुसून कामाला लागतो. आत मात्र ग्रीस स्नायूंमध्ये पसरत असतं, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. पेण-रोह्याच्या साइटवर काम करणाऱ्या प्रत्येक मालकाला, ऑपरेटरला आणि हेल्परला माझी विनंती आहे: असं झालं तर हळद-मलम लावत बसू नका, दुखायची वाट पाहू नका. त्याच तासाला माणसाला गाडीत घाला, अलिबागचं जिल्हा रुग्णालय किंवा पनवेलचं शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय यांपैकी जवळ पडेल ते गाठा, आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की दाबाखालचं ग्रीस कातडीच्या आत गेलं आहे.